अकरा बॅटऱ्यांचा माणूस

त्यांच्या बंडीला आतून सहा खिसे होते. गावातल्या शिंप्याकडून त्यांनी ते मुद्दाम शिवून घेतले होते, छातीशी तीन इकडे आणि तीन तिकडे. हिवाळ्यात सकाळी अंगणात उभे राहून ते एकेका खिशात कॅमेऱ्याची एकेक बॅटरी सरकवायचे आणि दर वेळी वरून हात थोपटायचे, तान्ह्या लेकराला झोपवताना थोपटतात तसा. उरलेल्या पाच बॅटऱ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून स्टीलच्या डब्यात जायच्या. मी वरच्या खोलीच्या जिन्यात चहाचा कप घेऊन बसलेली असे. अंगणात धुकं, समोरच्या तुरीच्या शेतावर धुकं, आणि त्या पांढऱ्यात हा उंच, वाळका माणूस स्वतःच्याच छातीवर थोपटत उभा.

"थंडीनं बॅटरीचा जीव आखडते, सिस्टर," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "आंगाची ऊब पाह्यजे तिले. नाई तर तळ्यावर गेलो का निम्म्यातच मान टाकते."

मी सांगलीकडची. सुलतानपूरच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मला बुलडाणा जिल्ह्यातलं एकही गाव माहीत नव्हतं. खोली शोधत फिरताना कोणीतरी त्यांचं घर दाखवलं. ते वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते, निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झालेले. मूळचे वडनेर भोलजीचे, पण नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचेच झाले. मी नर्स आहे, उपकेंद्रात आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"वा! म्हंजे तुमीबी उपकेंद्र, मीबी उपकेंद्र. तुमी माणसाले चालू ठेवता, मी गावाले ठेवलं."

माझं लग्न झालंय का, स्वयंपाक कुठला करते, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की मी इस्त्री कधी वापरते. दुपारी चार ते सहा या वेळात घरातला एकही प्लग मला मिळणार नव्हता. त्या वेळात व्होल्टेज सगळ्यात शांत असतं, असं त्यांच्या वहीत निघालं होतं, आणि म्हणून ती वेळ बॅटऱ्यांची होती. मी हो म्हटलं. खोली मिळाली.

ती वही म्हणजे त्यांच्या नोकरीचा उरलेला भाग होता. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दर तासाला मीटर वाचून रजिस्टरमध्ये आकडे भरले होते. निवृत्तीनंतर हात थांबेना. तशाच रेघा आखलेल्या वहीत ते आता बॅटऱ्यांची नोंद ठेवायचे. वेळ, व्होल्टेज आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा बहुतेक वेळा एकच असे, 'ठीक'. बॅटऱ्यांवर त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, नेलपॉलिशनं एक ते अकरा आकडे घातले होते. एक नंबर सगळ्यात जुनी, तिला ते मान द्यायचे, पण काम कमी सांगायचे. सात नंबरचा भरवसा नव्हता. चांगली भरलेली दाखवायची आणि ऐन वेळी दगा द्यायची. "सात नंबर आज रुसली," असं ते जेवताना सांगत, जणू घरातल्या कोणाबद्दल बोलतायत. मी राहायला आले त्या दिवशीचा शेरा मी पुढे कधीतरी वाचला. 'सिस्टर वर राहावयास आल्या. ठीक.'

याच्यापलीकडे त्यांना बोलता येत नसे. वाईट माणूस नव्हते, अबोलही नव्हते, पण कुठलीही गोष्ट सांगायची म्हणजे ते आकडे सांगायचे. पुतण्याच्या लग्नाला जाऊन आले तेव्हा मी विचारलं, कसं झालं लग्न? म्हणाले, "अडीचशे पान उठलं. मांडवात दोन फेज व्हते. लाइट गेली नाई."

कॅमेरा त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. आधीचा एक जुन्या पद्धतीचा होता, आत आरसा असलेला. त्याची बॅटरी दोन-दोन दिवस पुरायची, कारण त्यात डोळा लावून पाहायला वीज लागत नाही, आरसाच दाखवतो. तो त्यांनी बदलला आणि आरसा नसलेला नवा घेतला. त्यात आत एक बारीक पडदा असतो आणि डोळा लावला की तो पडदा पेटतो. पाहिलं की बॅटरी उतरते, फोटो काढा की काढू नका. त्यावर हातभर लांबीची जाड नळी, पाच-सहाशे मीटरवरचा पक्षी जवळ आणणारी. तिच्यात मोटरी, तिच्यात चित्र हलू नये म्हणून सतत हलत राहणारं एक भिंग. तेही त्याच बॅटरीवर जगणार. मेहकरच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं त्यांना माझ्यादेखत विचारलं, "काका, चांगला कॅमेरा देऊन हे खादाड जनावर काऊन घेतलं?"

"तो एकाच डोळ्याचा व्हता," ते म्हणाले.

मलाही ते तेव्हा कळलं नाही. गावात त्यांच्याबद्दल जे बोललं जाई ते मी ऐकून होते. म्हातारा रोज सकाळी बायकोला व्हॅनमध्ये घालून लोणारच्या तळ्यावर जातो, अकरा बॅटऱ्या रिकाम्या करतो आणि येताना फोटो आणतो तीन, नाहीतर चार. कधी एकही नाही. मग हा तिथं करतो काय?

एकदा लसीकरणाच्या दिवशी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून माझ्या उपकेंद्रात आले. बाहेर पंधरा-वीस बाया लेकरं घेऊन बसलेल्या. त्यांनी टॉवेल टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, अडकली." पुतण्यानं हौसेनं त्यांना एक दुय्यम कंपनीची बॅटरी आणून दिली होती. तिचं पोट फुगलं आणि ती कॅमेऱ्याच्या आतच घट्ट बसली. मी चिमटा काढला तर ते घाबरले. "लोखंड नको! टोच लागली तर पेट घेईल. चिकटपट्टी द्या, रुंदवाली." मग त्यांनी पट्टीचे तीन लांब तुकडे बॅटरीच्या पाठीवर चिकटवले, तिन्हींचा पीळ केला आणि कॅमेरा मला धरायला सांगितला. ते दम धरून, केसाकेसानं ओढत होते. बाया लेकरं काखेत मारून दाराशी गोळा झाल्या. बॅटरी सुळ्ळकन बाहेर आली तशी एक म्हातारी मागून म्हणाली, "काय झालं व माय, पोरगा का पोरगी?"

सगळ्या हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी ती फुगलेली बॅटरी अंगणात नेऊन वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि बराच वेळ तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "निवू दे. एकटी कशी सोडू."

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर लोणारला गेले ती एका रविवारी, माघाच्या थंडीत. काकू व्हॅनमध्ये पुढे बसल्या होत्या. सात वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला तो परत आला नाही. बोलणं आलं, पण तुटक, एकेक शब्द निवडून टाकल्यासारखं. माहेर त्यांचं लोणारचंच. लहानपणी आईबरोबर त्या तळ्याकाठच्या देवीच्या देवळात ओटी घेऊन उतरत. आता त्यांना अंगणाच्या पायऱ्याही उतरवत नव्हत्या.

व्हॅन तळ्याच्या काठावर, वर, रस्त्याच्या कडेला लागली. खाली सगळं धुक्यानं भरलेलं होतं, जमिनीत कोणी भलं मोठं ताट खोल दाबून बसवावं आणि त्यात दूध ओतावं तसं. तळ्याचा तो खारट, अंड्यासारखा वास वर येत होता. मोर ओरडत होते, पण कुठून ते कळत नव्हतं. त्यांनी तिपाई उघडली, नळीखाली तूरडाळ भरलेली उशी दिली, छातीतून एक बॅटरी काढून कॅमेऱ्यात घातली. मग कॅमेऱ्यातून एक लांब वायर काढली, ती व्हॅनच्या खिडकीतून आत नेली आणि काकूंच्या मांडीवरच्या, पाटीएवढ्या पडद्याला जोडली.

पडदा उजळला. धुक्यातून एक वाळकी फांदी वर आली आणि तिच्यावर एक निळा पक्षी.

"डावीकडं," काकू म्हणाल्या.

त्यांनी नळी फिरवली.

"खाली. जरा. थांबा."

देवळाचं काळं शिखर आलं. एक बाई पायरी झाडत होती. झाडूचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तिच्या बांगड्या हलताना दिसत होत्या. काकूंनी डावा हात पडद्यावर ठेवला, त्या बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखा. धुकं आत येई, बाई जाई, धुकं सरे, बाई परत येई. मग काकू हळूच "हं" म्हणाल्या आणि काकांनी बटण दाबलं. एक फोटो.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. ते फोटो काढतच नव्हते. ते पाहतसुद्धा नव्हते. पाहायच्या काकू. ते फक्त नळी फिरवायचे आणि वीज पुरवायचे. जुन्या कॅमेऱ्यात जो डोळा लावेल त्यालाच दिसे. यातलं दिसणं बाहेर काढून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवता येत होतं. त्यात कॅमेरा सारखा चालू, पडदा सारखा चालू, म्हणून बॅटरी पाव तासात मान टाकायची. म्हणून अकरा.

बॅटरी बदलताना पडदा काळा व्हायचा. तेवढा वेळ काकू डोळे मिटून बसत. ते आधी ऊन बॅटरी काढत, मग थंड झालेली तिच्या जागी खिशात टाकत आणि वरून थोपटत. मी विचारलं, "काका, व्हॅनच्या बॅटरीवरून वायर का नाही घेत?"

काकू हसायलाच लागल्या. काकांनी घेतली होती एकदा. सबंध सकाळ मजेत गेली आणि परत निघायच्या वेळी व्हॅन सुरूच होईना. शेवटी जालन्याकडच्या चार पर्यटकांनी ढकलली, काकू आत बसून हसतायत आणि काका बाहेर स्टिअरिंगला हात घालून पळतायत. "ज्याच्यावर घरी जायचं, त्याच्यावर शौक नाई करायचा," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

पुढच्या वर्षी पौषात काकूंना ताप आला तो छातीत उतरला. मेहकरच्या दवाखान्यात नेलं, तिथून बुलडाण्याला. सोळा दिवस. त्या दिवसांत काकांनी वही उघडली नाही. मी दुपारी चार वाजता खाली जाऊन पाहिलं तर प्लग सगळे रिकामे. काकू परत आल्या तेव्हा चादरीखाली अंग आहे की नाही असं वाटावं इतक्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर बाहेरची हवा नको म्हणून सांगितलं. धोका टळला होता, पण त्यांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. दोन घास घेऊन भिंतीकडे तोंड करत. मी वजन घ्यायची, नाडी पाहायची, पाठीवर हात ठेवायची. तपासण्या बऱ्या येत होत्या आणि माणूस मात्र निसटत चाललं होतं. नर्सला हे कळतं. वहीत लिहिता येत नाही, पण कळतं.

तशात बातमी आली की तळ्यावर रोहित पक्षी उतरले आहेत. गुलाबी पंखांचे, लांब पायांचे, वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी येणारे. काकूंनी ते लहानपणी एकदाच पाहिले होते. काका त्यांना 'पाव्हणे' म्हणत.

"पाव्हणे आले," त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भिंतीकडेच पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, रविवारी तुमी हिच्याजवळ बसान काय?" त्यांनी एक खोकं आणलं होतं. खोक्याच्या एका टोकाला तो पाटीएवढा पडदा बसणार, दुसऱ्या टोकाला त्यांचा फोन, पडद्याकडे तोंड करून. ऊन लागू नये म्हणून वरून काळं कापड. फोनवरून माझ्या टॅबला व्हिडिओ कॉल. म्हणजे कॅमेरा जे पाहील ते पडद्यावर, पडद्यावरचं फोनात आणि फोनातलं दहा-बारा किलोमीटरवर काकूंच्या पलंगाशी. तिथं तळ्यावर ते एकटे असणार होते. फोन, पडदा, कॅमेरा सगळं एकट्यानं सांभाळणार. आदल्या दिवशी चार ते सहा त्यांनी अकराच्या अकरा बॅटऱ्या भरल्या. मी खाली डोकावले तर प्लगाशी हिरवे बारके दिवे लागले होते आणि ते मधोमध पाटावर मांडी घालून बसले होते.

रविवारी सात वाजता टॅबवर चित्र आलं. थोडं धूसर, थोडं उशिरानं हलणारं, पाण्याखालून पाहिल्यासारखं. काकूंना मी तीन उशा लावून टेकवलं होतं. मागून फोटोवाल्यांची गर्दी ऐकू येत होती. पाव्हण्यांसाठी लांबलांबून लोक आले होते आणि काकांची नेहमीची जागा त्यांनी घेतली होती. ते बरेच बाजूला, एका उतारावर उभे होते.

"दिसून राह्यले काय?" काकांचा आवाज आला.

दिसत होते. पाण्याच्या कडेला फिकट गुलाबी ओळ. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं आणि डोळे बाजूला घेतले.

"ते नको," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वर. झाडात. पायवाट."

चित्र हललं. पानगळ झालेली झाडं, करडा उतार, मधून गेलेली पांढरी पायवाट.

"खाली… खाली… डावीकडं. थांबा!"

पायवाटेच्या वळणावर एक मोठा सपाट दगड होता. काकू पुढे झुकल्या, इतक्या, की मी त्यांना मागून धरलं. देवीहून परत चढताना त्यांची आई दम खायला त्याच दगडावर बसे आणि लेकीला मांडीवर घेई. इतकी वर्षं त्या तो दगड शोधत होत्या. नेहमीच्या जागेवरून तो झाडाआड जायचा. आज गर्दीनं काकांना बाजूला लोटलं म्हणून तो समोर आला होता.

आणि दगडावर कोणीतरी बसलं होतं.

"माह्या आईच्या जागी कोन बसलं?" काकूंनी विचारलं.

काकांनी नळीचं चाक फिरवलं असावं. चित्र स्पष्ट झालं. काळ्या तोंडाचं वानर होतं, मांडीवर पिल्लू घेतलेलं.

"वानेर हाये," काकांनी तिकडून सांगितलं. "संगं लेकरू हाये."

काकू हसल्या. छातीतून खोकला आला तरी हसत राहिल्या. दीड महिन्यात मी तो आवाज ऐकला नव्हता. फोनवर काकांचा आवाज आला, "सिस्टर, हे हासली काय?"

"हो काका."

"बरं. मी हालत नाई इथून."

आणि ते हलले नाहीत. वानर पिल्लाच्या उवा वेचत होतं. पिल्लू निसटून दगडाखाली जायचं, वानर शेपटी धरून ओढून आणायचं. काकू बघत होत्या. मी भाताची पेज चमच्यानं पुढे केली, त्यांनी न बघता तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. बॅटरी बदलायला चित्र काळं व्हायचं, परत उजळायचं. चार नंबर, पाच नंबर, काका प्रत्येक वेळी नंबर सांगायचे. ऊन दगडावरून पायवाटेवर आलं. मागून कोणीतरी ओरडत होतं, "काका, इकडं फिरवा, उठून राह्यले ते! काका!" मग पुष्कळ लोकांचा एकच मोठा श्वास ऐकू आला. पाव्हणे उडाले होते. काकूंच्या टॅबवर वानर अंग खाजवत होतं.

नऊ वाजून गेल्यावर शेवटची बॅटरी लागली. ती सात नंबर होती. पाच मिनिटांत गेली.

टॅब काळा झाला. काकांनी फोन खोक्यातून काढून तळ्याकडे धरला, पण त्यात दिसलं ते पांढरं आभाळ, त्यांचा अंगठा आणि तळाशी वाटीएवढं तळं.

"ठेवा ते," काकू म्हणाल्या. "सांगा."

"काय सांगू?"

"पाव्हणे कसे उडाले?"

"मी नाई पाह्यले," काका म्हणाले. "माह्यी पाठ व्हती. मी तुह्या दगडाकडंच पाहून राह्यलो व्हतो."

"आता?"

"आता फिरून आले. घिरट्या घालून राह्यले."

"मंग पाहा. आन सांगा."

मी टॅबचा आवाज वाढवला. मला वाटलं, हा माणूस आता आकडा सांगेल. त्यांनी सुरुवात तशीच केली. "साडेनऊ वाजले. वारा पश्चिमेचा. असतील सत्तर, ऐंशी…" आणि थांबले. काकू वाट पाहत होत्या. मीही चमचा हातात धरून.

"तू लगीन होऊन आली," ते म्हणाले, "तव्हा कुकवाच्या पान्यातून चालत घरात आली. ओसरीवर पावलं उमटली तुही. मी दुसऱ्याच दिशी ड्यूटीवर गेलो. पन ते पावलं मी पाह्यली व्हती. पुसट झाली, शेनानं सारवलं, तरी मले महिनाभर दिसत. तसं हाये हे. पान्यावर. उतरून राह्यले एकेक. तसाच रंग हाये."

काकूंचा डावा हात चादरीवर उलटा पडला होता, त्याची बोटं हळूहळू मिटली. मी खिडकीशी गेले. बाहेर कोणाच्या तरी गोठ्यात पाणी भरायचं चाललं होतं. मागे टॅबवर ते बोलत होते, अडखळत, मध्येच थांबत. कोणता पक्षी एकटा पडला, कोणता कोणाला चोच मारतो, पाणी कुठं काळं नि कुठं हिरवं. फोनची बॅटरी संपेपर्यंत बोलत राहिले.

त्या दिवसापासून काकू जेवायला लागल्या. महिना संपता संपता भिंत धरून उभ्या राहिल्या. आणि एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, की त्यांना खाली जायचंय. दगडावर.

काका नाही म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले आणि जपून न्या म्हणाले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन आशाताई होत्या, दोघी शेतात राबलेल्या, दंडांत माझ्या दुप्पट. आम्ही लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. चैत्राच्या एका सकाळी आम्ही तिघी आणि काकांचा पुतण्या, असे चार कोपऱ्यांना चौघं, काकूंना घेऊन उतरायला लागलो. काका मागून येत होते, तिपाई आणि कॅमेरा घेऊन, आणि पावलापावलाला "हळू, हळू" म्हणत. सागाची पानं पायाखाली वाजत होती. तळ्याचा वास वाढत गेला. निम्म्या वाटेवर एका आशाताईचा पाय मुरगळला तेव्हा फाटकापासून मुकाट मागे चालत आलेल्या वनरक्षकानं पुढे होऊन तिचा बांबू खांद्यावर घेतला.

दगड उन्हानं कोमट झाला होता. काकूंना त्याच्यावर बसवलं. त्यांनी डाव्या तळव्यानं दगड चाचपला, कड चाचपली, मागची खोबण चाचपली. मग मान वर केली. वर झाडांच्या शेंड्यांपलीकडे, फार उंच, तळ्याची कडा आभाळाला लागलेली होती.

"त्या दिशी तुमी तिथं उभे व्हते?" त्यांनी विचारलं.

"हाव. त्या पांढऱ्या खडकाच्या बाजूले."

त्या पाहत राहिल्या. "लयच लांब हाये," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुमी वर जा."

"काऊन?"

"मले तुमाले पाह्यचं हाये. तिथं."

काका माझ्याकडे बघायला लागले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आत्ताच उतरलेला, परत ती चढण चढायची. त्यांनी बंडीतून दोन बॅटऱ्या काढून माझ्या हातात दिल्या, नळी कशी फिरवायची ते दाखवलं, काकूंच्या मांडीवर पडदा ठेवला, वायर जोडली. आणि निघाले. झाडांत त्यांचा सदरा दिसे, नाहीसा होई. आम्ही थांबलो. पुतण्यानं सगळ्यांना पाणी दिलं. देवळाकडून कोणीतरी घंटा वाजवली आणि तिचा आवाज पाण्यावरून फिरून पुन्हा आला.

चाळीस मिनिटांनी कडेवर एक पांढरा ठिपका आला. मी नळी फिरवली, पहिल्यांदा आभाळच आलं, मग खडक, मग ते. फोटो काढायला उभं केल्यासारखे ताठ, हात अंगाला चिकटवलेले, दमानं खांदे वरखाली होणारे. आपण दिसतो आहोत की नाही हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांच्याजवळ ना पडदा होता ना कॅमेरा. त्यांनी एकदा डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं, चुकीच्या बाजूला. मग सदऱ्याची वरची गुंडी लावली.

पडद्यावर तो माणूस बोटाएवढा होता आणि त्या बोटाएवढ्या माणसाकडे काकू पाहत होत्या. त्या दिवशी पाव्हण्यांकडे पाठ करून तो जिथं उभा राहिला होता, ती जागा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. पहिली बॅटरी गेली. मी दुसरी घातली. ते तसेच उभे होते.

कोपऱ्यातली खूण लाल झाली तेव्हा मी म्हटलं, "काकू, ही शेवटचीय. फोटो काढू का? जाईल ही आता."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. नजर पडद्यावरून हलली नाही.